थोडंसंच करायचंय!

माझा धंदा वेबसाइटी करून देण्याचा. गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य ठरलेलं, "काही नाही हो, थोडंसंच करायचंय!" हे 'थोडंसं' शिंप्याच्या 'उद्या'सारखं, त्याला अंत नसतो. १९९० साली टिम बर्नर्स-ली यांनी जगातली पहिली वेबसाइट केली. तीत नुसता मजकूर आणि दुवे, चित्र एकही नाही! 'लोगो जरा मोठा करा' म्हणणारं त्यांना कुणी भेटलं नसावं.

मी मात्र पानं पाच, दुरुस्त्या दोन, मजकूर गिऱ्हाइकानं द्यायचा, असं लिहून आधी सही घेतो. तिसऱ्या दुरुस्तीचे पैसे पडतील म्हटलं, की दुसरीच पसंत पडते. कागद नसला तर पैसे बुडतात आणि ओळखही तुटते. लग्नाआधी याद्यांवर सह्या घेणारे आपले वाडवडील उगाच का शहाणे?