सोळा मात्रांचा हिशेब

मालेगावच्या बाजारपेठेत ज्या घरी दोन पिढ्यांपासून कापडाचा व्यापार चालत आला आहे, त्या घरात माप चुकलेले चालत नाही. तागा उलगडताना बोट मीटरपट्टीवर नेमके कोठे थांबले आणि रात्री रोजमेळात नावे-जमा जुळली की नाही, या दोन गोष्टी ठीक असल्या की दिवस ठीक गेला असे मानण्याची तेथे रीत आहे. नाशिककडच्या मोठ्या मालेगावाशी नाव सारखे असले, तरी हे गाव निराळे. अकोल्याहून वाशिमला जाणाऱ्या रस्त्यावरचे, अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या शिरपूरच्या तालुक्याचे आणि सोयाबीन-तुरीचा हंगाम जसा जाईल तशी दुकाने चालणारे. या गावातील एका पित्याला वयाच्या ४८व्या वर्षी एक नवे माप शिकावे लागले. ते माप सोळा मात्रांचे होते.

त्याचे मूळ सहा वर्षांपूर्वीच्या एका पंचकल्याणक महोत्सवात होते. दीक्षाकल्याणकापूर्वी राजसभेत निलांजनेचे नृत्य व्हायचे होते आणि समाजाच्या मुलींमधून निलांजना म्हणून या घरची ११ वर्षांची मुलगी निवडली गेली. प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. भगवान ऋषभदेवांच्या सभेत नाचता नाचता निलांजनेचे आयुष्य संपते. रसभंग होऊ नये म्हणून इंद्र त्याच क्षणी तशीच दुसरी अप्सरा तिच्या जागी उभी करतो. सभेला काहीच कळत नाही. कळते ते फक्त ऋषभदेवांना, आणि तेथूनच त्यांच्या वैराग्याला आरंभ होतो. त्या रात्री मांडवातील दिवे क्षणभर मालवले, तसाच पोशाख केलेली दुसरी मुलगी पुढे आली आणि नृत्य चालू राहिले. मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. बक्षिसांची पाकिटे आली. पित्यानेही अभिमानाने सर्वांना सांगितले, “आमचीच मुलगी.”

पुढे मुलगी दर रविवारी बसने वाशिमला कथक शिकायला जाऊ लागली. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा एकेक करून पार पडल्या: प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा. घराने याकडे छंद म्हणून पाहिले आणि छंदाला कोणाचीच हरकत नव्हती. बारावी वाणिज्य शाखेची परीक्षा झाली आणि एका संध्याकाळी, सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाची पाने वाढलेली असताना, ती म्हणाली, “मला नृत्यातच पदवी घ्यायची आहे.”

त्या दिवशी जेवण मुकाट्याने झाले. नंतरच्या आठवड्यात मात्र घरातले सगळेच बोलले. काकांचे म्हणणे असे, की महोत्सवात नाचणे ही भक्ती. पण तोच व्यवसाय झाला तर लोक काय म्हणतील आणि स्थळे कोठून येतील? मामांनी सी.ए.चा मार्ग सुचवला. पिता काही बोलत नव्हता. मुलीच्या बोलण्यात त्याला वावगे काहीच दिसत नव्हते. त्याची भीती व्यापाऱ्याची होती. ज्या मालाचा बाजारभाव आपल्याला ठाऊक नाही, त्यात आयुष्याचे भांडवल कसे गुंतवावे?

कोंडी फोडली ती आईने. तिने मुलीपुढे कोरा कागद ठेवला. “रडून काही होणार नाही. कोठे शिकवतात, किती वर्षे, खर्च किती, आणि पुढे काय, हे सगळे लिहून आण. बाबांना कागदावरचे कळते.”

चार दिवसांनी कागद भरून आला. त्यात लिहिले होते, की मुंबईत डॉ. कनक रेळे यांनी १९६६ साली नालंदा नृत्य संशोधन केंद्र स्थापन केले आणि त्याच संस्थेच्या महाविद्यालयात मुंबई विद्यापीठाची नृत्यातील पदवी मिळते. पुणे विद्यापीठात १९८७पासून ललित कला केंद्र आहे. तेथे संगीत, नृत्य आणि नाट्य हे विषय पदवीसाठी शिकवले जातात. बडोद्याला महाराज सयाजीराव विद्यापीठात कलांची स्वतंत्र विद्याशाखा आहे आणि तेथील संगीतशिक्षणाची परंपरा सयाजीरावांच्या काळापासूनची, १८८६ सालची आहे. केंद्रीय संस्कृती मंत्रालय १८ ते २५ वयोगटातील तरुण कलावंतांना दोन वर्षे दरमहा ५,००० रुपयांची शिष्यवृत्ती देते, हेही तिने शोधून लिहिले होते. ‘पुढे काय’ या रकान्यात ‘शाळेत नृत्यशिक्षिका, स्वतःचा वर्ग, पदव्युत्तर अभ्यास’ अशी नोंद होती. शेवटी एक ओळ वेगळ्या शाईत होती: अहमदाबादच्या साराभाई या जैन गिरणीमालक घराण्याच्या सूनबाई मृणालिनी साराभाई यांनी १९४९ साली ‘दर्पण’ ही नृत्यसंस्था सुरू केली.

कागद पित्याने वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि दुकानात गेला. त्या सुमारास रात्री मंदिरात आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणावर स्वाध्याय चालू होता. ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंक शिकवले, हे त्याने लहानपणापासून ऐकले होते. त्यापुढचा भाग मात्र त्याने पहिल्यांदाच लक्ष देऊन ऐकला. भगवंतांनी ज्येष्ठ पुत्र भरताला जी शास्त्रे शिकवली, त्यांत अर्थशास्त्र होते आणि नृत्यशास्त्रही होते. जो पुढे चक्रवर्ती झाला, त्याला एकाच पित्याने दोन्ही शिकवले होते. पित्याने घरी येऊन हे आपल्या आईला सांगितले. म्हातारी जपमाळ बाजूला ठेवून म्हणाली, “माझी आत्या सोलापूरच्या श्राविकाश्रमात शिकायला गेली तेव्हाही गावाने नावे ठेवली होती. शेठ माणिकचंदांनी विधवा मुलीला शिकवले, म्हणून मगनबाईंनी मुंबईत श्राविकाश्रम उभा केला. बापाने मनावर घेतले तर गाव मागून येते रे.”

दुसऱ्या दिवशी पिता म्हणाला, “दोन ठिकाणी अर्ज भरू. पण बी.कॉम.चाही भरून ठेवू.” व्यापारी माणसाचा होकार असाच असतो. मुलीला तेवढा पुरेसा होता.

प्रवेशासाठी प्रात्यक्षिक चाचणी होती. तेथे केवळ बसवलेले नृत्य करून दाखवणे पुरत नाही. हाताने ताल धरून बोल म्हणावे लागतात, त्याला पढंत म्हणतात. तत्कार ठाह, दुगुन आणि चौगुन लयीत करावा लागतो. परीक्षक मध्येच थांबवतात, लय बदलतात, प्रश्न विचारतात. वाशिमच्या ताईंनी सांगितले, “रोज कोणीतरी समोर बसून ताल द्यायला हवा. यंत्रावरचा लहरा चुकत नाही, म्हणून तो आपली चूक दाखवतही नाही.”

घरात रात्री मोकळे असणारे माणूस एकच होते. दुकान बंद करून आल्यावर पिता आतल्या खोलीत सतरंजीवर बसू लागला. तीनतालाच्या सोळा मात्रा, चार-चारांचे चार विभाग. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर खाली. खालीला हात वाजवायचा नाही, नुसता उलटायचा. हे त्याला कितीतरी दिवस जमेना. ज्याच्या हाताला प्रत्येक आकडा वाजवून मोजण्याची सवय, त्याला एक आकडा न वाजवता मोजणे कठीणच. तो रोजमेळाच्या वहीत मागच्या पानावर मात्रा लिहून ठेवी आणि गिऱ्हाईक नसताना मांडीवर हात टेकवत बसे. दोन महिन्यांत त्याला तिहाई ऐकू येऊ लागली. एकच बोल तीनदा येतो आणि शेवटचा ठोका बरोबर समेवर पडतो. तो जुळला की त्याला रोजमेळ जुळल्यासारखे वाटे.

पहिल्या चाचणीसाठी तिघे निघाले. मेडशी मागे टाकून पातूरमार्गे बसने अकोला आणि तेथून रात्रीची रेल्वे. आईने बरोबर दशम्या, मेथीचे ठेपले आणि उकळून गार केलेले पाणी घेतले होते. दुसऱ्या दिवशी महाविद्यालयाच्या व्हरांड्यात तीसएक मुली घुंगरू बांधून बसल्या होत्या. त्यांच्याशेजारी त्यांचे आईबाप होते. कोणी माळ ओढत होते, कोणी मुलीच्या वेणीतील फुले पुन्हा पुन्हा सारखी करत होते. मुलगी आत गेली आणि दार बंद झाले. बाहेर फक्त तबला आणि पावले ऐकू येत होती. पित्याचा हात आपोआप मांडीवर चालू लागला. तत्कार झाला, तोडे झाले. शेवटच्या तिहाईत पावले एक मात्रा आधीच येऊन थांबली. सम नंतर आली, एकटीच. आईला काही कळले नाही. पित्याला कळले.

यादीत नाव आले नाही. परतीच्या गाडीत, मनमाड मागे पडल्यावर, पित्याच्या तोंडून शब्द निघून गेले, “झाले ना समाधान? आता बी.कॉम.ला बस.” मुलीने मान हलवली. घरी आल्यावर तिने घुंगरू फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवले. दुसरी चाचणी बारा दिवसांवर होती.

त्यानंतर घर फार शांत झाले. मुलगी वेळेवर उठे, आईला मदत करी, दुकानात येऊन पावत्या लिही, विचारले तेवढेच बोले. काका म्हणाले, “बघा, किती शहाणी झाली.” आठव्या दिवशी सामायिक आटोपल्यावर आजीने मुलाला जवळ बोलावले.

“पोरीकडे पाहिलेस का?”

“पाहतो की. ठीक आहे ती.”

“निलांजना बदलली तेव्हा सभेलाही सगळे ठीकच वाटले होते. तोच पोशाख, तेच रूप. पोर आहे तशीच दिसते आहे, पण ती जागेवर नाही. सभेला नाही कळले तरी चालते. तू बाप आहेस.”

पिता काही बोलला नाही. रात्री दुकान बंद करून आल्यावर तो आतल्या खोलीत सतरंजी अंथरून एकटाच बसला आणि मोठ्याने मोजू लागला. एक, दोन, तीन, चार. नवव्या मात्रेवर त्याने टाळी वाजवली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा नवव्यावर टाळी. तिसऱ्या आवर्तनाला दारातून आवाज आला, “बाबा, नवव्याला खाली असते.”

“मला एकट्याला जमत नाही,” तो म्हणाला. आणि थोडे थांबून, “गाडीत बोललो ते चुकलो. क्षमा कर.”

पर्युषणानंतर क्षमावाणीच्या दिवशी या घरात सर्वजण सर्वांची क्षमा मागत. पण तिथी नसताना, ठराविक शब्दांवाचून, बापाने मुलीची मागितलेली ही पहिलीच क्षमा होती. मुलगी काही न बोलता आत गेली. पेटीच्या कडीचा आवाज आला.

दुसऱ्या चाचणीच्या दिवशी पिता व्हरांड्यात बसला नाही. आपण बाहेर ताल मोजत बसलो आहोत, हे तिला आत जाणवत असेल, असे त्याला वाटले. तो आणि आई रस्त्यापलीकडे झाडाखाली थांबले. मुलगी बाहेर आली तेव्हा तिने फक्त एवढेच सांगितले, “एके ठिकाणी चुकले, पण थांबले नाही. पुढच्या समेवर आले.” पहिल्या यादीत तिचे नाव नव्हते. दुसऱ्या यादीत होते.

त्यानंतरचे प्रश्न लहान नव्हते. वसतिगृहातील भोजनालय रात्रीच उघडे आणि हिवाळ्यात सूर्य सहाच्या आत मावळतो. आईने शेजारच्या वस्तीतील एका श्राविकेकडून कांदा-लसणाविना डबा ठरवला. तो पाच वाजता मिळतो. तालमीच्या मधल्या सुटीत खाऊन घ्यायचे, हे मुलीनेच ठरवले. चौविहार सोडायचा की पाळायचा याबद्दल तिला कोणी काही सांगितले नव्हते. बी.कॉम.च्या अर्जाचे पैसे परत मिळाले नाहीत; ती रक्कम रोजमेळात खर्चाच्या बाजूला नोंदली गेली.

परवा गावातलेच एक बियाण्यांचे व्यापारी दुकानात आले होते. त्यांच्या मुलाला तबल्यात पुढे शिकायचे आहे. चहा झाल्यावर त्यांनी आवाज खाली आणून विचारले, “शेठ, एकूण खर्च किती आला हो?”

पित्याने वही काढून त्यांच्यापुढे ठेवली. अर्जाचे शुल्क, रेल्वेभाडे, घुंगरांची जोडी, वसतिगृहाची अनामत, सगळे तारीखवार होते. त्यांनी एकेक ओळ बोटाने वाचली, स्वतःच्या चिठ्ठीवर आकडे उतरवून घेतले आणि मागचे पान उलटले. तेथे एकही रक्कम नव्हती. चार ओळींत सोळा आकडे लिहिलेले होते आणि नऊच्या आकड्यावर लहानशी फुली होती.

“हे कशाचे?”

“ते रात्री मोजायचे असते,” पिता म्हणाला. “तुम्हालाही शिकावे लागेल. पोरगा शिकवेल.”