चार श्रेयांक आणि मोताळा तालुका

धामणगाव बढे आणि आसपासच्या गावांतून एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी.ला जाणारी मुलंमुली मी बरीच वर्षं जवळून पाहतो आहे. बहुतेकांची धाव बुलढाणा किंवा मलकापूरपर्यंत असते, थोडी अमरावतीला विद्यापीठात पोहोचतात. विषय त्यांना येतो. अडतं ते दुसरीकडेच: बैठकीचं इतिवृत्त लिहिणं, न पटणाऱ्या माणसाला न चिडता उत्तर देणं, बरोबरीच्यांना काम वाटून ते वेळेत करून घेणं. यावरचा ठरलेला उपाय म्हणजे व्यक्तिमत्त्व विकासाची दोन दिवसांची कार्यशाळा, बाहेरगावचा वक्ता आणि शेवटी प्रमाणपत्र. अशा कार्यशाळांना मी बसलो आहे, त्या भरवायला हातभारही लावला आहे. त्यातून माझं मत पक्कं झालं ते असं की, नेतृत्व ऐकून येत नाही. ज्या कामाचा जाब लोक तोंडावर विचारू शकतात, असं काम अंगावर पडलं तरच ते येतं.

याचा पुरावा शोधायला लांब जावं लागत नाही. आमच्याच मोताळा तालुक्यातल्या सिंदखेडने पानी फाउंडेशनच्या २०१८च्या वॉटर कप या जलसंधारण स्पर्धेत राज्यात दुसरा क्रमांक विभागून मिळवला. ८ एप्रिल ते २२ मे, म्हणजे विदर्भाच्या ऐन उन्हात ४५ दिवस, गावाने श्रमदान केलं. सलग समतल चर कुठे खोदायचे हे तंत्र आहे आणि ते शिकवता येतं. पण रोज पहाटे माणसं बाहेर काढणं, भावकीतली जुनी तेढ बाजूला ठेवायला लावणं, खोदलेल्या कामाची मापं लिहून ठेवणं, यंत्रासाठी वर्गणी गोळा करून तिचा हिशेब देणं या गोष्टी करताना शिकल्या जातात. पानी फाउंडेशनच्या प्रशिक्षणात तंत्र आणि माणसं जोडणं दोन्ही होतं. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की प्रशिक्षणापाठोपाठ खरं काम समोर उभं होतं. आमच्या कार्यशाळांत नेमका हाच दुसरा भाग गळालेला असतो. शेतकी शाखेने तो सांभाळला आहे. ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी गावात येणारे कृषिदूत आणि कृषिकन्या बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक देतात तेव्हा समोरचा शेतकरी त्यांना असा प्रश्न विचारतो की पुस्तक बाजूलाच राहतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९४७मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं, तिथल्या ‘कमवा आणि शिका’ योजनेतही हीच समज होती. इतिहास, अर्थशास्त्र, भूगोल किंवा सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन पुढे शिकणाऱ्यांच्या वाट्याला मात्र असं काही येत नव्हतं.

आता ते येऊ शकतं. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात २०२३-२४पासून पदव्युत्तर शिक्षणाच्या पहिल्या वर्षात ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ किंवा क्षेत्रीय प्रकल्पाला चार श्रेयांक आहेत, साधारण १२० तासांचं काम. आज अनेकदा ते ओळखीच्या दुकानाच्या पत्रावर उरकलं जातं. हे तास आपल्याच तालुक्यात लागावेत, असं माझं म्हणणं आहे. अर्थशास्त्राच्या मुलीने ग्रामपंचायत विकास आराखडा आणि प्रत्यक्ष खर्च ताडून पाहावा. भूगोलवाल्याने गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडावा, कॉमर्सवाल्याने बचत गटांची दप्तरं नीट लावून द्यावीत, सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने विहिरींचं पाणी तपासावं. आणि या कामाचा अहवाल गाइडच्या टेबलावर थांबू नये, तो ग्रामसभेत वाचला जावा. कायद्याने वर्षात चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, त्यातल्या एकीत अर्धा तास मिळणं अशक्य नाही. ‘आमच्या वस्तीतली विहीर का नाही घेतली?’ असं एखाद्या आजीने उठून विचारलं की व्हायवात न मिळणारं शिक्षण मिळतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: पुण्या-मुंबईच्या कंपनीला ग्रामसभेशी काय देणंघेणं, तिला इंग्रजी आणि पीपीटी हवी. इंग्रजी हवीच, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मुलाखतीत ‘तुम्ही काय केलंत?’ या प्रश्नाला सांगण्यासारखं काही नसेल तर चांगलं इंग्रजी रिकामंच राहतं. एमपीएससी, नेटची तयारी करणाऱ्यांना वेळ कुठे, असं दुसरे म्हणतात. हे तास अभ्यासक्रमात आधीच आहेत, नवा भार त्यांच्यावर पडत नाही; शिवाय ज्याला उद्या तहसील कार्यालयात बसायचं आहे त्याने ग्रामपंचायतीचं दप्तर आज हाताळलं तर बिघडलं काय? गावच्या गटबाजीत मुलं ओढली जातील, ही भीती अधिक खरी आहे. म्हणून विषय कॉलेजने ठरवावा, मुलांनी आकडे मांडावेत, निर्णय ग्रामसभेवर सोडावा; आणि स्वतःच्या गावाऐवजी शेजारचं गाव द्यावं.

सगळ्यात जड आक्षेप देखरेखीचा आहे आणि तो मी उडवून लावणार नाही. अनेक कॉलेजांत शिकवण्याचा भार तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर आहे. त्यांना वर्गातल्या तासाचे पैसे मिळतात. मुलांबरोबर गावात घालवलेली दुपार त्यात धरली जात नाही. फुकटच्या देखरेखीवर ही योजना उभी केली तर पुन्हा ओळखीच्या दुकानाची पत्रंच गोळा होतील. गावातला तास वर्गातल्या तासाइतकाच धरून त्याचं मानधन दिलं पाहिजे, आणि तेवढी तरतूद होणार नसेल तर एका विभागातल्या पाच-सहा विद्यार्थ्यांपासूनच सुरुवात करावी.