भरतीच्या वेळी बांध किती खोल?

लाटांचं गणित मांडणारा माणूस गोंदिया जिल्ह्यातला, हे ऐकून लोक हसतात. पण खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था तरी कुठे समुद्रकाठी आहे? १९१६ सालची ही संस्था देशभरातल्या बंदरांच्या लाटा डोंगराआड, हौदात उठवून पाहते. आमच्याकडे तर गाढवी नदीवर इटियाडोहचा जलाशय आहे. वारा सुटला की तिथेही लाटा उठतातच.

फरक लांबीचा. दर दोन सेकंदांनी येणारी तलावातली लाट जेमतेम सहा मीटर लांब. तीन मीटरखाली तिला तळाची खबरही नसते. पावसाळी अरबी समुद्रातली दहा सेकंदांची लाट खोल पाण्यात १५६ मीटर लांब असते. तिला ७८ मीटर खोलीपासूनच तळ जाणवू लागतो.

किनारा वाचवायला समुद्रात पाण्याखाली घातलेला बुडता बांध लाटेला तळ जाणवण्याचाच फायदा घेतो. त्याच्यावर येताच लाट मंदावते, आखूड होते, उंच होते. उंची पाण्याच्या खोलीच्या साधारण आठ दशांशावर गेली की फुटते. फुटून उरलेली लाट मात्र बांधापलीकडे लहान लहान लाटांत विखुरते. बेजी आणि बाटयेस या संशोधकांनी १९९३ साली प्रयोगशाळेतल्या बुडत्या उंचवट्यावरची मोजमापं प्रसिद्ध केली. लाटांचं नवं संगणकीय मॉडेल आजही त्यांवर घासून पाहतात. ‘स्वॉन’सारखं मॉडेल लाटांच्या सरासरी ऊर्जेचा हिशेब ठेवतं, मोठ्या किनाऱ्यासाठी ते पुरतं. बांधावरून जाणारी एकेक लाट हवी असेल तर बूसिनेस्क समीकरणं लागतात. दगडांवरचा मार काढायचा तर नेव्हिए-स्टोक्स समीकरणांपर्यंत जावं लागतं, आणि संगणक रात्रंदिवस चालतो.

एवढं करूनही उत्तर फसवं निघू शकतं, कारण भरती. पुदुच्चेरीला २०१८ साली चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेच्या आराखड्यानुसार पोलादी बुडता बांध बसवला, किनाऱ्यावर वाळू परतली. तिथे भरती-ओहोटीतला फरक मीटरभराच्या आतबाहेर. मुंबईत उधाणाला तो चार मीटरच्या वर जातो. ओहोटीला बांधाचा माथा एक मीटर खोल ठेवला, तर पुदुच्चेरीत भरतीला त्यावर सुमारे दोन मीटर पाणी येईल, मुंबईत पाच मीटर. दोन मीटर उंचीची लाट पुदुच्चेरीत फुटेल. मुंबईत ती न फुटताच वरून निघून जाईल, तीही नेमकी उधाणात, किनाऱ्याला धोका सर्वाधिक असताना.

शिवाय माथ्यावरून आत आलेलं पाणी बांधाच्या दोन्ही टोकांनी बाहेर पडतं. बांध किनाऱ्याच्या फार जवळ असला, तर हाच प्रवाह वाळू ओढून नेतो.

म्हणून कोकणातल्या एखाद्या गावात कुणी लाटांचा रंगीत नकाशा दाखवून बुडत्या बांधाची शिफारस केली, तर गावकऱ्यांनी समीकरणं विचारू नयेत. हे चित्र कोणत्या पाणीपातळीचं, एवढंच विचारावं. उत्तर ‘सरासरी’ असं आलं, तर उधाणाचा नकाशा मागावा.