उरलेली जागा

माझ्या संगणकावर जात्यावरच्या तीन हजार ओव्या आहेत. प्रत्येकीची स्वतंत्र फाइल. दोन ओळी, गाणारणीचे नाव आणि गाव, एवढा मजकूर सरासरी ४०० बाइटांत मावतो. सारा ऐवज सुमारे १२ लाख बाइटांचा. तोच ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर उतरवला, की ३७५ एमबी व्यापतो.

कारण असे, की डिस्कवरील जागा ठरावीक मापाच्या तुकड्यांनीच मिळते. त्या तुकड्याला क्लस्टर किंवा अलोकेशन युनिट म्हणतात आणि एका तुकड्यात दोन फाइली नांदत नाहीत. मूठभर तांदळालाही पायलीचेच मडके अडवावे, तसे हे. एक्सफॅट पद्धतीत ३२ जीबीहून मोठ्या पेनड्राइव्हला विंडोज आपणहून १२८ केबीचे माप लावते. जुन्या फॅट१६ मध्ये मोठे माप ही लाचारी होती: तुकड्याचा क्रमांक १६ बिटांचा, त्यामुळे सुमारे ६५ हजारांपलीकडे तुकडे मोजताच येत नसत, २ जीबीच्या डिस्कला ३२ केबीचा तुकडा भागच पडे. आज मोठ्या मापाचा लाभ चित्रफितींसारख्या अवजड फाइलींना होतो. भुर्दंड चिमुकल्यांना.

(यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट खाते, अशी तक्रार आपल्याकडे ऐकू येते. ओवीपुरती ती फोल आहे. तिप्पट होऊनही ती त्याच तुकड्याच्या कोपऱ्यात बसते.)

भाचा म्हणाला, “मावशी, सगळ्या एकाच फाइलीत टाक ना.” जागेच्या हिशेबाने त्याचे बरोबरच आहे. पण एकच ओवी तिघी जणी एकेका शब्दाच्या फरकाने गातात. त्या एका पानावर शेजारी आल्या, की संपादकाचा हात शिवशिवतो, ‘शुद्ध पाठ’ ठरतो आणि दोघींची नावे तळटीपेत जातात. कवितासंग्रहात चार ओळींच्या कवितेखाली कोरा राहिलेला कागद नासाडी म्हणून कोणी मोजत नाही. मग इथेच का मोजावा?

शिवाय तोडगा आहे. एनटीएफएसमध्ये नोंदवहीतील प्रत्येक नोंद सहसा १ केबीची असते आणि एवढीशी फाइल त्या नोंदीतच सामावते. वेगळा तुकडा लागतच नाही; ओवी आपल्या नावाशेजारीच राहते. पेनड्राइव्ह मात्र मी रिकामा करून ४ केबीच्या मापाने पुन्हा फॉरमॅट केला. आता त्याच तीन हजार ओव्या १२ एमबीत राहतात, वेगवेगळ्या.