31 मार्चला काय होते?

महाविद्यालयीन ग्रंथालयातील ई-साधने बहुतांशी ग्रंथालयाच्या मालकीची नसतात. ठरावीक मुदतीपुरती, ठरावीक वाचकांसाठी मिळालेली ती वापराची परवानगी असते. बारवी धरणाच्या पाण्यावर जगणाऱ्या पट्ट्यात हे समजावून सांगायला फार श्रम पडत नाहीत. धरण एमआयडीसीचे, उल्हासनगर महापालिकेला स्वतःचा जलस्रोत नाही, पाणी मीटरवर येते. गेल्या वर्षी किती पाणी आले हे टाकीत डोकावून कळत नाही, त्यासाठी बिलांची फाइल काढावी लागते. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर इथल्या महाविद्यालयांतील ई-जर्नल्स आणि ई-पुस्तके यांचाही माग कपाटात लागत नाही, लागला तर कागदपत्रांत लागतो. म्हणून इथे ग्रंथपालनाइतकीच गरज अभिलेख व्यवस्थापनाची असते.

अनुदानित महाविद्यालयांपर्यंत ही साधने मुख्यतः एन-लिस्टमार्फत पोहोचली. 4 मे 2010 रोजी सुरू झालेला हा कार्यक्रम गांधीनगरचे इन्फ्लिबनेट केंद्र चालवते. 2015 मध्ये यूजीसी-इन्फोनेट आणि इन्डेस्ट या ई-साधन संघांसह तो ई-शोधसिंधू या एकत्रित संघात सामावला गेला. वर्षाला काही हजार रुपयांत सहा हजारांवर जर्नल्स आणि लाखांत मोजावी अशी ई-पुस्तके, हा सौदा इतका स्वस्त होता की त्याची नोंद कशी ठेवायची हा प्रश्न बहुतेकांना पडलाच नाही. पैसे भरल्याची पावती फाइलला लागली, लॉगिन वाटले गेले आणि ग्रंथालयाच्या फलकावर मोठा आकडा चढला.

अभिलेख व्यवस्थापनाची शिस्त महाराष्ट्रात जुनी आहे. सरकारी कार्यालयांत अ वर्गाचे कागद कायम, ब वर्गाचे 30 वर्षे, क वर्गाचे 10, क-1चे 5 आणि ड वर्गाचे एक वर्ष ठेवायचे, असे वर्गीकरण चालते. चालू प्रकरणे, उत्तराची वाट पाहणारी प्रकरणे, नियतकालिक विवरणपत्रे, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि नष्ट करायचे कागद अशी सहा गठ्ठ्यांची पद्धत टेबलाटेबलावर असते. 1980च्या दशकात अहमदनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात अनिलकुमार लखिना यांनी दप्तराची जी घडी बसवली, ती ‘लखिना पॅटर्न’ म्हणून राज्यभर गेली. आयएसओ 15489 हे आंतरराष्ट्रीय मानक 2001 मध्ये आले, 2016 मध्ये सुधारले गेले. त्याचाही गाभा हाच: कागद कधी जन्मला, कोणाच्या अधिकाराने, किती काळ ठेवायचा आणि कोणाच्या सहीने नष्ट करायचा.

ग्रंथपालांनी ही पद्धत उचलली नाही, यामागे थोडा अहंकार आहे. ग्रंथपाल स्वतःला विद्याव्यवहारातला माणूस मानतो. गठ्ठे बांधणे, जावक क्रमांक घालणे ही कारकुनाची कामे. पुस्तकाचा वर्गांक दशांश चिन्हापुढे चार स्थळांपर्यंत नेणारा माणूस परवाना कराराची प्रत मात्र ‘ई-मेलमध्ये कुठेतरी असेल’ म्हणून सोडून देतो. व्यवसायातली प्रतिष्ठा वर्गीकरणात होती, फाइलिंगमध्ये नव्हती, आणि प्रतिष्ठा नसलेले काम नेहमीच मागे पडते.

ई-साधनांच्या बाबतीत अभिलेख म्हणजे नेमके काय, हे आधी ठरवावे लागते. जर्नलमधला लेख हा ग्रंथालयाचा अभिलेख नव्हे, तो प्रकाशकाच्या सर्व्हरवर असतो. अभिलेख म्हणजे परवाना करार आणि त्याची दुरुस्तीपत्रे, वर्गणीचे देयक व ग्रंथालय समितीचा ठराव, सेवा सुरू झाल्याचा पुरावा, सेवा खंडित झाल्यावरचा पत्रव्यवहार, वापराचे अहवाल, वाचकांच्या खात्यांची नोंद, आणि वर्गणीत काय काय मिळाले त्याची शीर्षकवार यादी. पहिल्या सहांची व्यवस्था थोड्या शिस्तीने लागते. सातवी गोष्ट लागता लागत नाही.

छापील पुस्तकांसाठी ही यादी दाखल नोंदवहीत आपोआप तयार होते. दाखलांक, तारीख, लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, पृष्ठे, विक्रेता, बिल क्रमांक, किंमत आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. पुस्तक काढून टाकले की त्याच ओळीत लाल शाईने ‘निर्लेखित’, ठरावाचा क्रमांक आणि सही. ओळ खोडली जात नाही. त्यामुळे 31 मार्च 1985 रोजी ग्रंथालयात अमुक पुस्तक होते का, याचे उत्तर आजही देता येते. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांत वीस हजारांपर्यंत ग्रंथ असलेल्या ग्रंथालयाने दरवर्षी पूर्ण मोजदाद करावी असे आहे, आणि वाचकांच्या हाती गेलेल्या हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथ गहाळ होणे रास्त धरले आहे. हरवलेल्या पुस्तकासाठी इतका विचार झालेला आहे. यादीतून गुपचूप गळालेल्या जर्नलसाठी तसा नियम नाही, कारण ते गळाले हेच कोणाला कळत नाही.

ही यादी स्थिर राहत नाही, याची कारणे अनेक. एन-लिस्टच्या सुरुवातीच्या ई-पुस्तकांत ईब्रेरी आणि नेटलायब्ररी ही नावे होती. नेटलायब्ररी 2010 मध्ये ओसीएलसीकडून एब्स्कोकडे गेली. ईब्रेरी 2011 मध्ये प्रोक्वेस्टने घेतली आणि पुढे ती ईबुक सेंट्रलमध्ये विरघळली. केंब्रिज बुक्स ऑनलाइन 2016 मध्ये केंब्रिज कोअरमध्ये गेले. प्रत्येक स्थलांतरात दुवे बदलतात, काही शीर्षके मागे राहतात, काही नव्याने येतात. जर्नल एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे जाते तेव्हा जुने अंक एका ठिकाणी आणि नवे दुसऱ्या ठिकाणी अशी वाटणी होऊ शकते. जेस्टोर या जर्नल-भांडारातल्या अनेक जर्नल्सचे ताजे तीन ते पाच वर्षांचे अंक मुळातच मिळत नाहीत आणि ही मर्यादा दर वर्षी एकेक वर्ष पुढे सरकते. म्हणजे जर्नलचे नाव यादीत तेच राहिले, तरी त्यात काय वाचता येते हे बदललेले असते. त्यात तीन दिनदर्शिकांचा गोंधळ: जर्नलची वर्गणी बहुधा जानेवारी ते डिसेंबर, हिशेब एप्रिल ते मार्च, शैक्षणिक वर्ष जून ते मे. ‘2023-24 मध्ये किती जर्नल्स होती’ या साध्या प्रश्नाला तीन वेगळी आणि तिन्ही खरी उत्तरे असू शकतात.

अमुक तारखेला आपल्याकडे काय होते, हा प्रश्न उल्हासनगरला तरी परका नसावा. कल्याणच्या लष्करी छावणीत उतरलेल्या सिंधी निर्वासितांचे हे गाव. 1950च्या विस्थापित व्यक्ती (दावे) अधिनियमाखाली सिंधमध्ये आपले काय होते, हे माणसांना कागदावर सिद्ध करावे लागले. घर मागे राहिले होते, जमीन मागे राहिली होती. सोबत काही असलेच तर दस्तऐवज. ज्या तारखेला ताबा सुटला त्या तारखेची नोंद ज्याच्याकडे, त्याचा दावा भक्कम. इथे प्रश्न घरादाराचा होता, ई-जर्नल्सचा त्यापुढे क्षुल्लक. पुराव्याचे तत्त्व मात्र एकच: ताबा गेल्यावर यादी करता येत नाही, ती ताबा असतानाच करून ठेवायची असते.

उपाय अवघड नाही, कंटाळवाणा आहे. प्रकाशक आणि पुरवठादार शीर्षकांच्या याद्या एका ठरावीक रचनेत देऊ शकतात. 2010 मध्ये आलेली ही रचना केबार्ट म्हणून ओळखली जाते. तिच्या प्रत्येक ओळीत जर्नलचे नाव, छापील आणि ऑनलाइन आयएसएसएन, पहिल्या उपलब्ध अंकाची तारीख, शेवटच्या अंकाची तारीख आणि दुवा असतो. ही फाइल वर्षातून दोनदा, 31 मार्च आणि 31 डिसेंबरला, उतरवून घ्यायची. नावात तारीख आणि स्रोत घालायचा, तिला हात लावायचा नाही, आणि नंतरच्या साऱ्या बेरजा-वजाबाक्या तिच्या प्रतीवर करायच्या. मूळ फाइलमध्ये रंग भरणारा, ओळी पुसणारा उत्साही सहायक हा यादीचा पहिला शत्रू. मुखपृष्ठाचा स्क्रीनशॉट हा दुसरा. त्यात प्रकाशकाचे बोधचिन्ह ठळक दिसते, पण तारीख दिसत नाही आणि शीर्षके तर नाहीतच. तरीही मूल्यांकनाच्या फाइलींत हेच स्क्रीनशॉट छापून लावलेले असतात, रंगीत आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात.

वापराच्या अहवालांची अडचण मुदतीची आहे. काउंटर या मानकानुसार प्रकाशकाने चालू वर्ष आणि त्याआधीचे किमान 24 महिने इतक्या काळाचे आकडे द्यावेत. नॅकच्या स्वयंमूल्यन अहवालात मागच्या पाच वर्षांची माहिती लागते. या दोहोंमधल्या फरकाची जबाबदारी ग्रंथपालाशिवाय कोणाचीच नाही. दर वर्षी अहवाल उतरवून ठेवला नसेल, तर पाचातली पहिली दोन वर्षे आठवणीने भरावी लागतात, आणि आठवणीतले आकडे नेहमी गोल असतात. शिवाय जानेवारी 2019 पासून काउंटरची पाचवी आवृत्ती लागू झाली. एकाच वाचकाने एका बैठकीत तोच लेख आधी पानावर उघडला आणि मग पीडीएफ म्हणून घेतला, तर जुन्या मोजणीत दोनदा नोंद होई. नव्या आवृत्तीत अशी जोडी एकदाच मोजणारा वेगळा रकाना आला. 2018 आणि 2019 चे आकडे शेजारी मांडून ‘वापर घटला’ म्हणणे त्यामुळे चूक ठरू शकते. अहवालासोबत आवृत्तीचा क्रमांक जपणे म्हणूनच गरजेचे.

आकड्याचा मोह हा या व्यवसायाचा जुना रोग. पूर्वी तो एकूण ग्रंथसंख्येत दिसे आणि निर्लेखन टाळण्याचे तेच खरे कारण असे. आज तो ‘सहा हजार जर्नल्स’मध्ये दिसतो. या सहा हजारांपैकी किती उघडली जातात हे सांगणारा अहवाल ग्रंथपालाला आवडत नाही, म्हणून तो काढलाही जात नाही. सॉफ्टवेअर विक्रेते या दुबळेपणावर चांगले जगतात. ई-साधन व्यवस्थापनाच्या त्यांच्या प्रणालीत आलेख सुरेख असतात. करार संपल्यावर त्यातली नोंद कोणत्या रूपात परत मिळेल, याचे उत्तर मात्र ‘टीमशी बोलून कळवतो’ असे येते.

मुदतींचे वर्गीकरण वर सांगितलेल्या अ-ब-क-ड चौकटीत नीट बसते. कायमची खरेदी असलेल्या संग्रहाचा करार आणि वर्षातल्या दोन याद्या अ वर्गात. वार्षिक वर्गणीचा करार, ठराव आणि वापराचे अहवाल क वर्गात, म्हणजे मूल्यांकनाच्या दोन फेऱ्या निभावतात. सेवा खंडित झाल्याची पत्रे क-1 मध्ये, लॉगिन मागणीचे किरकोळ ई-मेल ड मध्ये. मुदत कागदाच्या तारखेपासून मोजायची नाही, हक्क संपल्याच्या तारखेपासून मोजायची. 2012 चा करार नूतनीकरण होत 2024 पर्यंत चालला, तर त्याची दहा वर्षे 2024 नंतर सुरू होतात. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 च्या कलम 7 नुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेख पुढे वाचता येईल अशा रूपात, उगम आणि तारीख-वेळेच्या तपशिलासह जपावा लागतो. ई-मेलची मुद्रित प्रत काढून मूळ पुसणे हा म्हणून अर्धाच उपाय. आणि दुसरी प्रत त्याच इमारतीत ठेवण्यात अर्थ नाही. 26 जुलै 2005 ला उल्हास नदीचे पाणी बदलापुरात शिरले तेव्हा तळमजल्यावरच्या दोन कपाटांत फरक उरला नव्हता.

नष्ट करण्याचे कामही व्यवस्थापनाचेच. विद्यार्थी बाहेर पडला की त्याचे खाते बंद व्हायला हवे. कोणी काय वाचले याच्या व्यक्तिगत नोंदी अकारण साठवणे 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमानंतर अधिकच अडचणीचे. एकूण आकडे ठेवावेत, नावे सोडावीत.

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेने हा सारा प्रश्न तातडीचा केला. 25 नोव्हेंबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मान्यता दिली. 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13 हजार जर्नल्स आणि 6,300 हून अधिक सरकारी संस्था असा तिचा आवाका आहे. या पट्ट्यातील बहुतेक महाविद्यालये खासगी शिक्षणसंस्थांची, त्यामुळे त्यांचा आधार अजून एन-लिस्टच. पण पुरवठादार, योजना आणि लॉगिनची वाट पुन्हा बदलू शकते, हे आता स्पष्ट झाले आहे. योजना बदलली की आधीच्या वर्षांच्या अंकांवर काही हक्क उरतो का, हा पहिला प्रश्न येतो. त्याचे उत्तर जुन्या करारातल्या एका कलमात आणि त्या दिवशीच्या यादीत असते.

शेवटचा भाग हस्तांतरणाचा. अनेक महाविद्यालयांत प्रशासक म्हणून नोंदलेला ई-मेल ग्रंथपालाचा वैयक्तिक असतो. ग्रंथपाल निवृत्त होतो, पद वर्षानुवर्षे भरले जात नाही आणि पासवर्ड बदलण्याचा संदेश अशा पेटीत जातो जी आता नातवंडांच्या फोटोंसाठी वापरली जाते. खाते पदाच्या नावाने असावे आणि कार्यभार अहवालात चार गोष्टी लेखी असाव्यात: प्रशासक खात्यांची सूची, चालू करार व त्यांच्या समाप्तीच्या तारखा, शेवटच्या उतरवलेल्या यादीची तारीख आणि तिची दुसरी प्रत कुठे आहे ते. ग्रंथांची चार्जयादी दिल्याशिवाय ग्रंथपालाला सोडत नाहीत. ई-साधनांची यादी मात्र अजून कोणी मागत नाही. मागितली जाईपर्यंत ती न मागता देणे, एवढेच ग्रंथपालाच्या हाती आहे.