ढोल, संगणक आणि बडोदा

नागरवाडा, बडोदे. अहमदाबादेत वाढलेल्या न्यूक्लियाने, म्हणजे लोकसंगीताला संगणकाची जोड देणाऱ्या संगीतकार उद्यन सागरने, २०१५ मध्ये ‘बास रानी’ हा अल्बम मुंबईच्या गणेशविसर्जनात लोकांपुढे आणला. जागेची ही निवड मला अर्थपूर्ण वाटते, कारण लोकसंगीत मिरवणुकीतच जगते. अशा संगीतावर घेतला जाणारा ‘यंत्राने लोकसंगीत बाटते’ हा आक्षेप मात्र मला पटत नाही. ज्या पेटीवाचून आज आपल्याला कीर्तनाची कल्पना करवत नाही, ती युरोपातून आली. याच बडोद्यात महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने गायक मौलाबक्षांनी १८८६ मध्ये गायनशाळा सुरू केली आणि गाणे स्वरलिपीत बांधले. त्यामुळे परंपरा काही संपली नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: ठोके समान अंतरावर बसवणारी संगणकाची मोजपट्टी ढोलकीची डुलती लय सरळ करून टाकते. हे खरेच घडते, आणि तिथे गाणे मरते. पण ठोका मोजपट्टीवरून किंचित मागेपुढे सरकवणेही त्याच यंत्रात शक्य असते. ते करायचे की नाही, हे संगीतकार ठरवतो. म्हणून नव्या अल्बममध्ये मी आधी ढोलकीवाल्याचा हात ऐकू येतो का ते पाहतो, आणि मग श्रेयनामावलीत त्याचे नाव शोधतो.