ऐकीव पुरावा

‘ऐकीव गोष्ट हा पुरावा नव्हे’ हे वाक्य मी वकिलीच्या धंद्यात इतक्या वेळा उच्चारले आहे की, झोपेतही ते माझ्या तोंडून निघेल असे घरची मंडळी म्हणतात. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून ‘गावात सगळे म्हणत होते’ अशी सुरुवात करतो आणि त्याचे पुढचे शब्द बाहेर पडण्याआधीच मी हरकत घ्यायला उठलेला असतो. गावात सगळे काय म्हणत होते, याच्याशी न्यायालयाला कर्तव्य नसते. हा नियम योग्यच आहे. परंतु सरकारने शिक्कामोर्तब करून सांगावे ते खोटे निघावे आणि बाजारात कुजबुजले गेलेले खरे ठरावे, असे जेथे एकदा नव्हे, अनेकदा घडले, तेथील माणसांना हा नियम कोणत्या तोंडाने ऐकवायचा, हा प्रश्न मला बरीच वर्षे सतावीत आहे. तो देश म्हणजे आफ्रिकेतील नायजेरिया.

त्या देशाशी माझा संबंध दुहेरी आहे. आमचे मामा १९७८ साली शिक्षक म्हणून तेथे गेले. तेलाच्या पैशाने शाळा भराभर निघत होत्या, शिक्षक कमी पडत होते, आणि हिंदुस्थानातून पदवीधरांची रांग लागली होती. उत्तरेकडील कानो या जुन्या शहरात मामांनी सोळा वर्षे गणित शिकविले. दुसरा संबंध धंद्याचा. आमचा १८७२ चा पुराव्याचा कायदा ज्या जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी रचला, त्यांच्याच ग्रंथाच्या आधारे नायजेरियाचा पुराव्याचा कायदा बनला आणि १९४५ पासून २०११ पर्यंत चालला. उत्तर नायजेरियाची दंडसंहिता तर आमच्याच १८६० च्या दंडसंहितेवरून सूदानने उचलली आणि सूदानवरून त्यांनी. म्हणजे ऐकीव पुराव्याला हरकत घेणारा कानोचा वकील आणि मी, आम्ही दोघे एकाच गुरूचे चेले.

मामा सांगत की, तेथे वर्तमानपत्र विकत घेणारे थोडे आणि वाचणारे फार. विक्रेता रस्त्याच्या कडेला अंक मांडून बसे. त्याच्याभोवती पंधरावीस माणसे उभ्याने मथळे वाचीत, आणि मग त्या मथळ्यांच्या आड काय दडले आहे यावर हातघाईचा वाद चाले. या फुकट्यांच्या घोळक्याला लोकांनीच थट्टेने ‘फ्री रीडर्स असोसिएशन’ असे भारदस्त नाव दिले आहे. मामांच्या शाळेतील एक हौसा शिक्षक या सभेचे आजीव सभासद होते. छापलेला मथळा हा त्यांच्या मते वादाचा केवळ आरंभ असे.

त्यांना तशी सवय लागली याला कारणेही होती. १९८३ च्या ३१ डिसेंबरला सैन्याने सत्ता घेतली आणि जनरल मुहम्मदू बुहारी राज्यप्रमुख झाले. त्यांनी १९८४ साली चौथ्या क्रमांकाचा एक हुकूमनामा काढला. सरकारी अधिकाऱ्यांची नालस्ती होईल असे काही छापणे त्याने गुन्हा ठरविले, आणि छापलेले खरे आहे हा बचाव त्यात चालत नसे. ‘गार्डियन’ पत्राचे टुंडे थॉम्प्सन आणि एन्डुका इराबोर हे दोन पत्रकार परदेशांतील राजदूतांच्या नेमणुकांची बातमी छापल्याबद्दल तुरुंगात गेले. सत्य सांगणे हा गुन्हा ठरला की सत्य छापखान्यातून उठते आणि चहाच्या टपरीवर जाऊन बसते. तेथे त्याला सोबत भलतीसलती मिळते, हे ओघाने आलेच.

१९८९ साली तर राष्ट्रपितृपदाचा मान असलेले वृद्ध नेते एन्नाम्दी अझिकिवे वारले अशी आवई उठली आणि वर्तमानपत्रांनी ती छापूनही टाकली. अझिकिवे स्वतः एके काळचे संपादक. आपल्यावरचे मृत्युलेख वाचण्याचे भाग्य त्यांना लाभले. ते वारले १९९६ साली. टपरीची आणि छापखान्याची अशी एकवाक्यता क्वचितच झाली असेल, आणि नेमके तेव्हाच दोघेही फसले.

पण खरी कथा १९९३ ची आहे, आणि तिचा नायक मोशूद अबिओला. त्यांच्या नावातच एक कहाणी आहे. वडिलांना आधी झालेली बावीस मुले जगली नाहीत. हे तेविसावे. म्हणून त्याचे नाव ठेवले ‘काशिमावो’, म्हणजे ‘पाहू या, काय होते ते’. आपल्याकडे अशाच घरांतून दगडू आणि धोंडू जन्माला येत, ते आठवते. पाहू या म्हणत वाढलेला हा मुलगा अपार श्रीमंत झाला. विलायतेत हिशेबनिशी शिकला, एका परदेशी टेलिफोन कंपनीचा तेथील प्रमुख झाला, स्वतःचे वर्तमानपत्र काढले. त्याची संपत्ती निर्मळ होती असे सगळेच म्हणत नसत. गायक फेला कुटी यांनी तर त्या कंपनीच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला भर गाण्यात चोर ठरविले होते. सांगायचे एवढेच की, लोकांनी ज्याला निवडले तो साधुपुरुष नव्हता आणि लोकांनाही ते ठाऊक होते.

१२ जून १९९३ रोजी अध्यक्षपदाचे मतदान झाले. पद्धत मोठी सरळ होती. मतदारांची आधी नोंद घ्यायची, मग मतदान, आणि मोजणी त्याच जागी, सर्वांच्या समक्ष. अबिओला दक्षिणेकडचे योरुबा. त्यांचे प्रतिस्पर्धी बशीर टोफा कानोचेच. तरी कानो राज्यात टोफा हरले. मामा तेव्हा तेथेच होते. जात, प्रांत आणि भाषा यांच्या भिंती एवढ्या सहज ओलांडल्या गेलेल्या त्यांनी त्या देशात त्याआधी कधी पाहिल्या नव्हत्या.

कायद्याच्या अभ्यासकाने मात्र दोन दिवस मागे जावे. १० जूनच्या रात्री अबुजातील उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी या मतदानाला मनाई हुकूम दिला. रात्री! माझ्या अशिलाची भिंत पाडायला माणसे कुदळी घेऊन आली असता मनाई हुकूम मिळवायला मला किती दिवस लागतात, ते मी येथे लिहीत नाही. शिवाय अशा बाबतीत न्यायालयांनी हात घालू नये असा हुकूमनामा लष्करी सरकारनेच आधी काढलेला होता. निवडणूक मंडळाचे प्रमुख हम्फ्री एन्वोसू यांनी मनाई बाजूला सारून मतदान घेतले. मग निकालांची घोषणा थांबविली गेली, आणि २३ जूनला सारी निवडणूकच रद्द झाली. रद्द करणारा कागद साधा होता. त्यावर कोणाचीही सही नव्हती. तो वृत्तपत्रांच्या हाती दिला उपराष्ट्रप्रमुखांच्या प्रसिद्धी अधिकाऱ्याने, आणि त्या अधिकाऱ्याचे नाव एन्डुका इराबोर. खरी बातमी छापल्याबद्दल नऊ वर्षांपूर्वी तुरुंगात गेलेला तोच पत्रकार. कादंबरीकाराने असा योग जुळविला असता, तर मी त्याला अतिशयोक्तीचा दोष दिला असता.

आमच्याकडे देवाला कौल लावतात. पाकळी कोणत्या बाजूने पडली ते देवळात उभा असलेला प्रत्येक जण पाहतो. ती पडल्यावर पुजाऱ्याने झटकून टाकावी आणि कौल झालाच नाही असे सांगावे, तसे हे झाले. मोजणी सर्वांच्या डोळ्यांदेखत झालेली असल्यामुळे आकडे सर्वांना पाठ होते. ‘आजपासून आम्हांला रेडिओ नको,’ असे मामांचे ते सहकारी म्हणाल्याचे मामा सांगतात.

पुढे जनरल इब्राहिम बाबंगिडा ऑगस्टमध्ये पायउतार झाले आणि नोव्हेंबरात जनरल सानी अबाचा यांनी सत्ता बळकावली. दुसऱ्या वर्षी मामा बेळगावी परतले. अबिओलांनी जून १९९४ मध्ये स्वतःला अध्यक्ष घोषित केले, तेव्हा त्यांना पकडून कोठडीत टाकले. त्यांच्या पत्नी कुदिरात यांना ४ जून १९९६ रोजी लागोसच्या रस्त्यात गोळ्या घालून मारले. मधल्या काळात, १९९५ च्या नोव्हेंबरात, लेखक केन सारो-विवा यांना फाशी दिले गेले. ज्या राज्यात खरे एवढे भयंकर असते, तेथे अफवेला आणखी भयंकर होण्यासाठी फार कष्ट पडतात.

८ जून १९९८ रोजी अबाचा एकाएकी वारले. सरकारने हृदयविकार सांगितला आणि त्याच दिवशी, शवविच्छेदनावाचून, कानोत त्यांचे दफन झाले. लागोसच्या रस्त्यांवर लोक नाचले. लगेच कथा पसरली ती विषारी सफरचंदाची. त्या रात्री म्हणे काही परक्या स्त्रिया तेथे होत्या आणि त्या हिंदुस्थानी होत्या. ही शेवटची मखलाशी ऐकून मामा प्रथम संतापले, मग खो खो हसले. कानोत सोळा वर्षे बीजगणित शिकवूनही हिंदुस्थानची कीर्ती अखेर या वाटेने व्हावी, असे ते म्हणाले.

बरोबर महिनाभराने, ७ जुलैला, अबिओला गेले. त्यांच्या सुटकेची बोलणी चालू होती. अमेरिकेचे एक शिष्टमंडळ त्यांना भेटायला आले होते. भेटीत चहा दिला गेला, थोड्याच वेळात त्यांना अस्वस्थ वाटू लागले, आणि त्याच दिवशी ते मरण पावले. परदेशी तज्ज्ञांनी शवविच्छेदन करून जुना हृदयविकार हे कारण दिले. देशात ते फारसे कोणी मानले नाही. चहाचा पेला तेव्हापासून नायजेरियाच्या इतिहासात जाऊन बसला आहे, आणि कोणताही वैद्यकीय दाखला त्याला तेथून उठवू शकलेला नाही.

वकील म्हणून मी तज्ज्ञांच्या बाजूचा. चहात विष होते असे दाखविणारे काही नाही. पण ज्यांनी विश्वास ठेवला नाही त्यांना मी अडाणी म्हणणार नाही. उलटतपासणीत एकदा खोटा पडलेला साक्षीदार पुढे खरे बोलला, तरी त्याचे ओझे त्याच्या पक्षालाच वाहावे लागते. १९९३ साली ज्यांनी डोळ्यांदेखत झालेली मोजणी नाकारली, त्यांच्या वारसांनी आणलेला दाखला लोकांनी का घ्यावा?

माझी तक्रार निराळी आहे. चहाच्या पेल्याने खऱ्या आरोपीला सोडून दिले. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान त्या सुमारास अबिओलांना भेटले, तेव्हा समोरचा गृहस्थ कोण हे त्यांना ओळखता आले नाही. सरचिटणीस बदलल्याला दीड वर्ष झाले होते आणि ती वार्ताही त्या कोठडीत पोचली नव्हती. एके काळी ज्याचे स्वतःचे वर्तमानपत्र होते, त्या माणसाची ही गत! हृदयविकाराचा साठीचा माणूस, चार वर्षे एकांतात. आमच्या जुन्या पुराव्याच्या कायद्यातील १०६ वे कलम सांगते की, जी गोष्ट एखाद्याच्याच खास माहितीतील असेल ती सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर. कोठडीतील माणूस कसा मेला, हे कोठडीवाल्याने सांगावे. मग विष सापडो वा न सापडो, खटला उभा राहतो. परंतु ‘कपात काय होते’ एवढाच वाद लोक घालीत राहिले, आणि कपात काही नव्हते असे दाखविले की सरकार मोकळे झाले. शवविच्छेदनाचा तो अहवाल, नीट वाचला तर, तुरुंगवाल्यांच्या विरुद्धचा पुरावा होता.

पुढे बुहारी निवडून येऊन पुन्हा अध्यक्ष झाले. २०१७ साली ते महिनोन् महिने लंडनला उपचार घेत होते आणि आजार कोणता, ते सांगितले गेले नाही. त्यावर कथा निघाली की, ते वारले असून सूदानचा जुब्रील नावाचा तोतया त्यांच्या खुर्चीवर बसला आहे. (दंडसंहिता सूदानवरून आणली, तर अध्यक्ष का नको?) डिसेंबर २०१८ मध्ये पोलंडात जमलेल्या देशबांधवांना बुहारींना स्वतःच सांगावे लागले की, मी तो मीच आहे. आपण मेलो असे समजून काही जणांनी उपाध्यक्षांकडे आपली वर्णी लावून ठेवली होती, असेही ते हसत बोलले. हास्यास्पदच सारे. परंतु लंडनहून परतल्यावर अध्यक्ष कचेरीत न जाता घरूनच काम करू लागले, तेव्हा उंदरांनी कचेरी कुरतडली असे त्यांच्या प्रवक्त्यांनी जाहीर केले होते. ती उंदरांची कथा लोकांचे लक्ष आजारावरून वळविण्यासाठी आपण रचली, असे त्याच प्रवक्त्यांनी २०२५ साली आपल्या पुस्तकात सांगून टाकले. तोतया बाजाराने रचला, उंदीर सरकारने. खुद्द बुहारी त्याच वर्षीच्या १३ जुलैला लंडनला वारले, आणि या वेळी ती बातमी खरी होती.

त्याआधी २० फेब्रुवारीला अबुजात बाबंगिडांच्या आत्मचरित्राचे प्रकाशन झाले. १९९३ ची निवडणूक अबिओलांनीच जिंकली होती, असे त्यात त्यांनी बत्तीस वर्षांनी लिहिले. रद्द करण्याची घोषणा झाली तेव्हा आपण कात्सिनाला गेलो होतो आणि ती आपल्या संमतीवाचून झाली, असेही लिहिले, आणि तरी जबाबदारी आपली, असेही. हे तिन्ही जबाब एकाच साक्षीदाराचे आहेत. त्या समारंभात त्यांच्या नियोजित ग्रंथालयासाठी सतरा अब्ज नायरांहून अधिक देणग्या जाहीर झाल्या. टाळ्याही झाल्या. याला मी कबुलीजबाब म्हणत नाही. कबुली देणारा काही तरी पणाला लावीत असतो.

मामा आता ऐंशीच्या पुढे आहेत. कानोचे ते सहकारीही निवृत्त झाले आहेत, आणि त्यांचा दूरध्वनी अधूनमधून येतो. प्रकाशनानंतर तो आला, तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. १२ जूनचे आकडे आपल्याला तेव्हाच पाठ होते, नवे काय सांगितले, असे ते मोठ्याने म्हणत होते. मग जरा थांबून म्हणाले की, सकाळी विक्रेत्याजवळ नेहमीप्रमाणे उभे राहून सारे मथळे वाचून काढले, आणि निघताना पैसे देऊन एक अंक विकत घेतला.